तुझ्या भूपालचं नाव

चंपाक्का, तुला जाऊन आज अकरा दिवस झाले. तुला उचलायच्या वेळी अंगणात एक घोटाळा झाला, तो आधी सांगते. कुणीतरी पोक्त माणूस म्हणाला, पुढं भूपाल चालेल, भूपालला बोलवा. आणि गर्दीतून दोघं पुढं झाले. दोघांचीही डोकी पांढरी. एक तुझा, एक माझा. माझा आपला सवयीनं आला. जन्मभर त्या नावाला ओ देत आलाय, त्या वेळी त्याला तरी काय सुचणार? सांगलीतली नवी माणसं एकमेकांकडं बघायला लागली.  तुझ्यानं माझ्याच्या दंडाला धरून त्याला जवळ ओढलं आणि दोघं तसेच चालत गेले. मी पायरीवर बसून बघत राहिले. डोळ्यांना पाणी आलं ते तू गेलीस म्हणून का हे बघून, माझं मलाच कळलं नाही.

लोक अजून विचारतात, मराठ्याच्या घरात भूपाल हे नाव कसं काय? हे तर जैनांतलं, म्हणजे तुमच्यातलं. पलटणीत भरती करून घेणाऱ्या कारकुनानंसुद्धा माझ्या लेकाला हे विचारलं होतं. ज्यानं विचारलं त्याला मी थोडं थोडं सांगत आले. सगळं कुणालाच सांगितलं नाही. तुलाही नाही. ते आज लिहायला घेतलंय. माझं अक्षर तुझ्या ओळखीचं आहे. शाळेचं तोंड मी बघितलेलं नाही, तुझ्या पोराच्या पाटीवर बघून बघून गिरवलेलं हे. ऱ्हस्व-दीर्घ तेवढं तू सांभाळून घे.

ते दिवस आठव. लढाई चालली होती. माझे मालक पलटणीत होते. कुठल्या मुलखात होते ते देवाला ठाऊक, पत्रावर नुसता नंबर यायचा. रॉकेल मिळत नव्हतं, साखर दिसत नव्हती. उंब्रजच्या माहेराहून मी या नदीकाठच्या गावात आले तेव्हा पुरती चौदाचीही नव्हते. तुझं परडं आणि माझं परडं यांच्यामध्ये शेराच्या झाडांचं कुंपण होतं, आणि त्याला एक भगदाड होतं. ते कुणी पाडलं ते आपण दोघींनी कधी घरात सांगितलं नाही. तू माझ्याहून चार वर्षांनी मोठी. विस्तव मागायला यायचीस आणि तासभर बसायचीस. विस्तव विझायचा. मग पुन्हा मागायचीस.

माझी दोन लेकरं गेली होती. पहिली मुलगी सहाव्या दिवशी गेली, तिला नावसुद्धा नव्हतं. दुसरा मुलगा. त्याचं थाटात बारसं केलं, आजोबांचं नाव ठेवलं, आणि तो चार महिन्यांचा होऊन गेला. त्यानंतर मला नावाचीच धास्ती बसली. वाटायचं, नाव ठेवलं की वर कुणालातरी पत्ता कळतो.

आणि पलीकडं तुझा भूपाल. काय पोरगं होतं ते! गोवर आला आणि गेला, अंगावर खूणसुद्धा राहिली नाही. विहिरीच्या पायऱ्यांवरून गडगडत गेला आणि रडत रडत आपल्या पायांनी वर आला. एकदा भरल्या गाडीचं चाक त्याच्या पायावरून गेलं. माती मऊ होती म्हणून पाय नुसता आत रुतला, नखसुद्धा मोडलं नाही. त्या दिवशी तू त्याला आधी धपाटा घातलास आणि मग पोटाशी धरलंस. मी बघत होते. मनात आलं, हे नावच दणकट आहे. याच्यापुढं मरणाचं काही चालत नाही.

मालक सुट्टीवर येऊन गेले, आणि पुढं मला तिसरा झाला. हा तेवढा राहावा, बाकी मला काही नको होतं. सासूबाईंनी नाव आधीच ठरवून टाकलं होतं. दगडू. ज्या घरात लेकरं जगत नाहीत तिथं असलंच ओबडधोबड नाव ठेवायचं, म्हणजे मरणाला त्याची हाव सुटत नाही. सासूबाईंचं काही चुकत नव्हतं. पण माझी जीभ त्या नावाला वळेना. बाळंतिणीच्या खोलीत ओव्याची धुरी चाललेली असायची. कुणी नसलं की मी बाळाला मांडीवर घेऊन हळूच म्हणायची, भूपाल, माझ्या भूपाल. अगदी हळू. दुसऱ्याच्या रानातलं कणीस मोडल्यासारखं.

आणि चोरी तशी होतीच. एका गल्लीत एक नाव दोन पोरांना ठेवू नये, ठेवलं तर एक दुसऱ्याचं आयुष्य ओढून घेतो, हे आपल्याकडं लहान पोरालाही ठाऊक. तुला माहीत होतं, मलाही माहीत होतं. म्हणून मी तुझ्याकडं मागितलं नाही. कुठल्या तोंडानं मागणार? माझ्या लेकराला जगवायला तुझ्या लेकराच्या आयुष्याला हात घालू का, असं विचारू?

एक दिवस मी तसं म्हणत असताना दारात तू उभी. हातात डिंकाच्या लाडवांचा डबा. तू ऐकलं होतंस. माझं तोंड कसं झालं असेल ते तूच बघितलंस. तू डबा खाली ठेवलास आणि म्हणालीस, लाडू खा, गार होतील. लाडू गार होतील!  आल्या पावली परत गेलीस.

दोन दिवस तू फिरकली नाहीस. मी मनाला समजावलं, दगडू तर दगडू.

बारशाला जतची नणंद येणार होती. बाळाच्या कानात नाव आत्यानं सांगायचं असतं. पण त्या वेळी मोटारी कोळशावर चालायच्या, आणि तिची मोटार वाटेत कुठंतरी बसली. बायका जमल्या, घुगऱ्या शिजल्या, पाळणा बांधला, आत्या नाही. सासूबाई तुला म्हणाल्या, तू आमच्या ज्ञानूला दादा म्हणतीस, गावाच्या नात्यानं तूच आत्या, बस पुढं. आणि तुझ्या कानाशी लागून बजावलं, दगडू म्हणायचं. तू मान हलवलीस.

मी पाळण्याच्या डोक्याशी होते. तू वाकलीस. आपल्या रीतीप्रमाणं बायका मागं मुठी वळून तयार होत्या, नाव सांगून झालं की आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे असतात ना. तू बाळाच्या कानात काय बोललीस ते कुणाला ऐकू गेलं नाही. मग तू सरळ उभी राहिलीस आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालीस,

"भूपाल ठेवलंय."

बायकांच्या मुठी वरच्या वर राहिल्या. एकीचाही हात खाली येईना. सासूबाई पाळण्याची दोरी सोडून पुढं आल्या. म्हणाल्या, "चंपे, डोकं ठिकाणावर हाय का? पदरात एकुलता एक लेक तुझ्या."

तू त्यांच्याकडं बघितलंस. आवाज चढवला नाहीस.

"माझ्याजवळ जगलेलं असं एवढंच नाव हाय, म्हातारे. ते दिलं."

चंपाक्का, त्यानंतर मी पुष्कळ जग बघितलं. लेकाच्या मागं छावण्या बघितल्या, मोठमोठे साहेब बघितले, देवळं बघितली. पण माणूस एवढं मोठं असू शकतं हे मी त्या पाळण्याजवळ बघितलं ते बघितलं.  घरात एकच भाकरी असताना ती अर्धी मोडून देणारं माणूस मला समजतं. तुझं मला अजून समजलेलं नाही.

तुझ्या सासूनं तुझ्याशी आठ दिवस बोलणं टाकलं. माझ्या सासूबाई बाळाला हाकच मारायच्या टाळायच्या, 'आरं ए' म्हणायच्या. मी मालकांना कळवायला सांगितलं. पत्र तूच लिहायचीस, आलेलं तूच वाचून दाखवायचीस. चार महिन्यांनी उत्तर आलं. तू वाचलंस, 'नाव चांगलं आहे, बदलू नये.' पुढं मनीऑर्डरची, बैलाची चौकशी. झालं. पुढं दोन वर्षांनी मला अक्षर लागायला लागलं तेव्हा मी ट्रंकेतली पत्रं काढून बसले. त्या पत्रात आणखी दोन ओळी होत्या. 'चंपाक्कांच्या पायांवर डोकं ठेवून माझा नमस्कार सांगणे. माझ्या सख्ख्या बहिणीनंही हे केलं नसतं.' तू वाचताना त्या गाळल्या होत्यास. मी कुंपणाशी येऊन भांडले, दुसऱ्याच्या पत्रातल्या ओळी खातीस व्हय गं? तू म्हणालीस, दिवा बारीक हुता, दिसल्या न्हाईत. पत्र तू भर दुपारी वाचलं होतंस.

आता ते सांगते, जे सांगायला इतकी वर्षं गेली.

माझा अडीच वर्षांचा झाला होता, तुझा सहाचा. तुझ्या भूपालला मुदतीचा ताप आला. आठ दिवस झाले, नऊ झाले. सांगलीहून डॉक्टर छकड्यातून आले, औषध दिलं, आणि जाताना तुझ्या मालकांना बाजूला घेऊन काहीतरी बोलले. गल्ली काय बोलत होती ते तुला ऐकू येत नव्हतं, मला येत होतं. पाणवठ्यावर मी गेले की बायका गप्प व्हायच्या. एकीनं माझ्या पोराकडं बघून म्हटलं, ह्यो बघा कसा बाळसं धरतोय.

डॉक्टर येऊन गेले त्याच दुपारी मी अंगणात पोराला दूधभाकरी भरवत होते. तुझ्या घरातून रडणं ऐकू आलं.  मी माझ्या लेकराकडं बघितलं, त्याच्या हनुवटीवरून दूध ओघळत होतं. आणि मी मनात म्हटलं, एक न्यायचाच असला तर तिचा ने. माझा ठेव.

म्हटलं खरं. पूर्ण म्हटलं. अर्धवट आलेला विचार नव्हता तो. त्याचं नाव ज्या बाईनं मला दिलं, तिच्यासाठी मी हे मागितलं.

आणि मग मला काय झालं कुणास ठाऊक. पोराला काखेत मारलं आणि भगदाडातून तुझ्या घरात पळत आले. पायसुद्धा धुतले नाहीत. तू उशाशी बसली होतीस, केस सुटलेले. मी म्हटलं, आजपासनं ह्याचं नाव दगडू. दगडू, दगडू. तुझं नाव तुला परत दिलं, अक्का, घे. तू माझ्याकडं किती वेळ बघत राहिलीस. तुला रागावलेली मी जन्मात एकदाच बघितली, ती तेव्हा.

"नाव काय उसनं नेल्यालं पीठ हाय व्हय, परत आणून द्याया? टाकल्यालं नाव माझ्या लेकराच्या उशाला आणून ठेवू नगंस."

मी रडायला लागले. तू उठलीस, माझ्या दंडाला धरून मला दारापर्यंत आणलंस आणि म्हणालीस, "जा घरी. आणि तुझ्या पोराला हाक मार. मोठ्यानं. मला हितं ऐकू आली पायजे. दिसभर मार."

म्हणून मी हाका मारल्या. सकाळी, दुपारी, दिवेलागणीला. कुंपणाशी उभी राहून, गळ्याच्या शिरा ताणून, भूपाल, ए भूपाल. पोर माझ्या पायाशीच असायचं, ते बिचारं वर बघायचं, आई अशी का ओरडतीय म्हणून. सासूबाई म्हणाल्या, हौसाला वेड लागलं. माझी समजूत अशी झाली की नाव जितं ठेवायला तू मला सांगितलंस, म्हणजे तुझं लेकरू जितं राहील. तसं समजून मी बारा दिवस ओरडले. आवाज पार बसला.

बाविसाव्या दिवशी ताप उतरला. पोरगं नुसतं काडी राहिलं होतं. डोळे उघडून पहिलं काय बोललं ते तूच मला येऊन सांगितलंस, हसत आणि रडत. म्हणाला, मावशी दिसभर नुसत्या हाका मारतीया, खायला काय देत तर न्हाई. मी त्याच पावली चूल पेटवली.

त्यानंतरचं सगळं सुखाचंच म्हणायचं. मास्तरांनी हजेरीसाठी थोरला भूपाल आणि धाकटा भूपाल केलं ते आजतागायत चाललंय. एकानं खोडी करायची, दुसऱ्यानं छडी खायची. लढाई संपली, माझे मालक परत आले आणि पहिल्यांदा घरात न शिरता तुझ्या दारात जाऊन उभे राहिले. तुझा हळदीच्या व्यापारात मोठा झाला, सांगलीला घर बांधलं, तुला घेऊन गेला. कुंपणाच्या जागी आता भिंत आहे.

पण तुमच्यात एक रीत आहे, आमच्यात नाही. पर्युषण सरलं की तुम्ही ओळखीच्या एकेका माणसापुढं हात जोडून क्षमा मागता. तापाच्या त्या वर्षापासून तू दर भाद्रपदात माझ्या दारात यायचीस. सांगलीला गेल्यावरही मोटारीनं यायचीस. हात जोडून म्हणायचीस, हौसे, जाणता-अजाणता काय चुकलं असंल तर क्षमा कर. आणि मी दर वर्षी हसायची. तू काय चुकलीयस गं, ये आत, चहा घे. तू चहा घ्यायचीस, पण जरा वेळ उगाच थांबायचीस. मला वाटायचं, दमली असेल.

यंदा तुला उठवत नव्हतं म्हणून मीच आले. खोलीत आपण दोघीच होतो. तू हात जोडलेस, मी नेहमीसारखी हसले. तू म्हणालीस, "दरसाल हसून घालवतीस. यंदा हसू नगंस. ऐक." आणि तू सांगितलंस. डॉक्टर आले त्या दुपारी, पोराच्या उशाशी बसून तू मनात म्हणाली होतीस, एका नावाची दोन हायत, एक न्यायचाच तर पलीकडचा ने.

"म्हणून तुला हाका मारायला लावल्या," तू म्हणालीस. "तुझं पोर जितं हाय हे माझ्या कानावर दिसभर पडत राहावं. म्हंजे पुन्ना तसं मागाया माझी जीभ रेटणार न्हाई."

 ज्याला मी इतकी वर्षं मंत्र समजत होते, तो तू स्वतःच्या मनाला घातलेला लगाम होता. पोटचं पोर समोर तापानं फणफणतंय, आणि तू तशात माझं पोर तुझ्यापासून राखत होतीस. बारशाच्या दिवशी तू मला मोठी वाटली होतीस. त्याहून कितीतरी मोठी तू त्या खाटेवर, मुठीएवढी होऊन पडली होतीस.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. दोन शब्द होते, मी बी. एवढंच. तोंडापर्यंत आले. आणि मी म्हटलं, "केली गं क्षमा. कवाच केली." तुझ्या पायांवरची चादर नीट केली. चादर नीटच होती. मोठेपणानं क्षमा करून मी चहा पिऊन घरी आले. तुझं ओझं तू उतरवलंस, आणि माझं मी घेऊन परत आले. पुन्हा येईन तेव्हा सांगेन असं ठरवलं होतं. आले ते तुला उचलायलाच.

म्हणून काल मी थोरल्याकडं गेले. क्षमा मागायची तर ज्याचं मरण मागितलं त्याच्याकडं मागावी. सुना-नातवंडांना बाहेर जायला सांगितलं, त्याच्यापुढं हात जोडले, आणि सगळं सांगितलं. दूधभाकरीसकट. साठी उलटलेला माणूस, माझ्यापुढं मांडी घालून बसून ऐकत होता.  मग म्हणाला, "आई म्हणली हुती, हौसामावशी यील आणि असं असं सांगंल. न्हाई आली तर तू काय इचारायचं न्हाईस."

मी विचारलं, आणि आली तर?

"आली तर म्हणावं, आईला त्याच दिवशी कळलं हुतं. ती दगडू दगडू करत पळत आली तवाच."

 त्यानं मला पाणी दिलं. म्हणाला, मावशी, माझ्याकडनं क्षमा. आता तू मला कर. मी म्हटलं, तू रं काय केलंयस? तर म्हणतो, "ते तुला कशापायी सांगू?" आणि हसला, अगदी तू हसायचीस तसा, खालचा ओठ आत घेऊन.

म्हणजे त्या दुपारी उशाशी बसून तू माझ्याकडं इतका वेळ बघत होतीस, ते माझ्या तोंडावर माझं पाप वाचत होतीस. वाचून झाल्यावर मला म्हणालीस, जा, तुझ्या पोराला हाक मार. आणि यंदा तू तुझं सांगितलंस, माझं मागितलं नाहीस. मी चादर सारखी करत होते तेव्हाही तुला ठाऊक होतं. तरी तू मला चहा पिऊन जाऊ दिलंस.

थोरल्याची क्षमा मिळाली. तुझी मागायची राहिली आहे, आणि तुला ठाऊक असलं तरी ती माझ्या तोंडानं मागायला हवी. चंपाक्का, ज्या दुपारी तू माझ्या भूपालचं मरण मागितलंस, त्याच दुपारी मी तुझ्या भूपालचं मागितलं होतं. अजाणता नव्हे. जाणून. क्षमा कर.